शंभरावरचे दहा

२८ सप्टेंबर १९९६, शनिवार. इंग्लंडमधल्या ॲस्कट रेसकोर्सवर त्या दिवशी सात शर्यती होत्या आणि फ्रँकी डेटोरी हा इटालियन जॉकी सातही शर्यतींत उतरणार होता. पहिल्या सहा त्याने ओळीने जिंकल्या. सातव्या शर्यतीसाठी त्याच्याकडे फुजियामा क्रेस्ट नावाचा घोडा होता. सकाळी या घोड्याचा भाव होता एकाला बारा. म्हणजे एक पौंड लावा, घोडा जिंकला तर बारा पौंड नफा आणि लावलेला पौंड परत. शर्यत सुटली तेव्हा हाच भाव एकाला दोनवर उतरला होता. घोडा तोच, अंतर तेच, प्रतिस्पर्धी तेच. सकाळपासून त्याच्या पायांत काही नवं बळ आलेलं नव्हतं.

झालं होतं ते वेगळंच. ब्रिटनभरच्या बेटिंगच्या दुकानांत शनिवारी हौशी लोक चिल्लर पैसे साखळीत लावतात. पहिल्या शर्यतीत जिंकलेली रक्कम मुद्दलासकट दुसरीवर, तिथली तिसरीवर, असं शेवटपर्यंत. डेटोरी लोकांचा लाडका, त्यामुळे ‘त्याचे सातही घोडे’ अशा साखळ्या हजारोंनी लागल्या होत्या. एरवी अशा साखळ्या दुसऱ्या-तिसऱ्या शर्यतीतच तुटतात आणि दुकानदार निवांत असतो. त्या दिवशी सहा कड्या जुळल्या आणि बड्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत धावपळ उडाली. सातवी कडीही जुळली तर द्यावी लागणारी रक्कम कोट्यवधी पौंडांत जात होती. यातले बहुतेक सौदे शर्यत सुटतानाच्या भावाने चुकते व्हायचे होते आणि तो भाव ठरतो रेसकोर्सवरच्या बुकींच्या फळ्यांवर. म्हणून कंपन्यांनी आपलेच पैसे रेसकोर्सवर पाठवून फुजियामा क्रेस्टवर ओतायला सुरुवात केली. घोडा जिंकला तर तिथून काही वसुली होणार होती, आणि भाव जितका उतरेल तितकं दुकानांतलं देणं कमी होणार होतं.

आता रेसकोर्सवर उभ्या असलेल्या बुकीच्या जागी जाऊन बघा. बारा द्यायच्या लायकीचा घोडा लोक दोनवर मागताहेत! गॅरी विल्टशर नावाच्या बुकीने ही संधी दोन्ही हातांनी घेतली आणि येईल तो पैसा स्वीकारत राहिला. फुजियामा क्रेस्ट मानेच्या अंतराने जिंकला. मोठ्या कंपन्यांचं नुकसान तीन ते चार कोटी पौंडांच्या घरात गेल्याचे अंदाज तेव्हा निघाले. त्या कंपन्या तगल्या. विल्टशरच्या डोक्यावर मात्र लाखो पौंडांचं देणं आलं, आणि ते फेडायला त्याला कित्येक वर्षं लागली.

माझ्या मते विल्टशरचा हिशोब बरोबर होता. तो घोडा तीनदा धावला तर एकदा जिंकेल, असं दोनचा भाव सांगत होता. सकाळच्या भावाप्रमाणे तो तेरातून एकदा जिंकणार होता. अशी संधी शंभर वेळा मिळाली तर बुकी गडगंज होतो. चूक झाली ती एका शर्यतीवर झेपेल त्याहून जास्त घेण्यात. भाव बरोबर असूनही बुकी बुडतो तो असा.

बुकीला निकाल आधीच माहीत असतो, किंवा निदान त्याचा अंदाज तुमच्या-आमच्यापेक्षा अचूक असतो, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. धंद्याचं मूळ गणित पाहिलं तर निकालाशी त्याला फारसं कर्तव्य नसतं. पाच घोड्यांची शर्यत घ्या. पहिल्याला बरोबरीचा भाव, म्हणजे एकाला एक. दुसऱ्याला एकाला तीन, तिसऱ्याला चार, चौथ्याला नऊ, पाचव्याला एकोणीस. प्रत्येक भावात जिंकण्याची एक शक्यता दडलेली असते. बरोबरी म्हणजे ५० टक्के, तीनचा भाव म्हणजे २५, चारचा २०, नऊचा १०, एकोणीसचा ५. बेरीज करा: ११०. पाचांपैकी एकच घोडा जिंकणार आहे, त्यामुळे खऱ्या शक्यतांची बेरीज शंभराच्या वर जाऊच शकत नाही. हे वरचे दहा बुकीचे.

पैसेही याच प्रमाणात आले, म्हणजे पहिल्या घोड्यावर ५० रुपये, दुसऱ्यावर २५, पुढे २०, १० आणि ५, तर बुकीच्या गल्ल्यात ११० रुपये जमतात आणि कुठलाही घोडा जिंकला तरी त्याला मुद्दलासकट बरोबर १०० द्यावे लागतात. मार्केट यार्डातल्या अडत्यासारखं आहे हे: कांदा चढो की पडो, अडत सुटत नाही. अमेरिकेत फुटबॉलच्या सामन्यांवर दोन्ही बाजूंना सारखाच भाव असतो, शंभर जिंकण्यासाठी एकशे दहा लावायचे. तिथे बुकीचा वाटा साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतो, आणि लावणाऱ्याला नुसती बरोबरी साधायची तरी शंभरातले सुमारे साडेबावन्न सामने बरोबर ओळखावे लागतात.

मुंबईकराला हे गणित नवीन नाही. मटक्यात तीन पत्ते निघायचे, त्यांच्या बेरजेतला शेवटचा अंक म्हणजे आकडा. अंक दहा, आणि लागला तर मुद्दल धरून मिळायचे एकाला नऊ. जोडी शंभर प्रकारची, तिला साधारण नव्वद. आधी न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या उघडत्या-बंद होत्या भावांवर हा खेळ चालायचा. ते भाव १९६१ साली थांबले, पुढच्या वर्षी कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. मटकेवाल्याला आकड्याची शक्यता शोधावी लागत नाही, ती दहात एक अशी ठरलेलीच असते. वानखेडेवर मुंबई जिंकण्याची शक्यता मात्र कुठेही लिहून ठेवलेली नसते. खेळावर भाव देणाऱ्याचं खरं कसब इथून सुरू होतं.

पूर्वी हे काम माणसं अनुभवावर करायची. लॅडब्रोक्स या जुन्या ब्रिटिश कंपनीसाठी क्रिकेटचे भाव ठरवायला इंग्लंडचे माजी यष्टिरक्षक गॉडफ्रे इव्हान्स होते. १९८१ साली हेडिंग्लेच्या कसोटीत इंग्लंडवर फॉलोऑन आला, तेव्हा त्यांनी इंग्लंडच्या विजयाला एकाला पाचशेचा भाव दिला आणि तो मैदानातल्या धावफलकावर झळकला. दोनच संघ, आणि त्यातल्या एकाला पाचशे! हा भाव हिशोबापेक्षा जाहिरातीचा वाटतो. ऑस्ट्रेलियाच्या ड्रेसिंग रूममधून डेनिस लिलीने दहा पौंड आणि रॉडनी मार्शने पाच पौंड इंग्लंडवर, म्हणजे आपल्याच विरुद्ध, लावले. पैसे नेऊन दिले संघाच्या बसच्या ड्रायव्हरने. बोथमने नाबाद १४९ केल्या, विलिसने ४३ धावांत ८ बळी घेतले, इंग्लंड १८ धावांनी जिंकलं आणि दोघांना मिळून साडेसात हजार पौंड मिळाले. मुद्दाम हरल्याचा आरोप त्यांच्यावर कुणी गंभीरपणे केला नाही. आज असं केलं तर खेळाडूचं करिअरच संपेल.

आता भाव मॉडेलमधून निघतो. लँकेस्टर विद्यापीठातल्या मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स यांनी १९९७ मध्ये फुटबॉलच्या गोलसंख्येवर एक शोधनिबंध लिहिला. प्रत्येक संघाचं आक्रमण, बचाव आणि घरच्या मैदानाचा फायदा यांना आकडे देऊन कुठल्याही स्कोअरची शक्यता काढायची, हे त्याचं सूत्र. अशाच संख्याशास्त्राच्या बळावर बेट लावून श्रीमंत झालेले टोनी ब्लूम आणि मॅथ्यू बेनहॅम आज अनुक्रमे ब्रायटन आणि ब्रेंटफर्ड या प्रीमियर लीगमधल्या क्लबांचे मालक आहेत.

मॉडेलमधून निघालेली शक्यता हा कच्चा माल. तिच्यावर मार्जिन चढतं, मग भाव बाजारात फुटतो. सुरुवातीला कंपनी थोड्याच रकमेचे सौदे घेते. जाणकार कुठल्या बाजूला पैसे लावतात ते पाहून भाव सरकवते आणि तो स्थिरावला की मर्यादा वाढवते. म्हणजे जाणकाराला थोडे पैसे जिंकू देऊन त्याच्याकडून माहिती विकत घेतली जाते, आणि तीच पुढे हजारो अजाण गिऱ्हाइकांवर वापरली जाते.

दोन्ही बाजूंचे पैसे समान ठेवणं हेच बुकीचं ध्येय, असं पुस्तकी वर्णन वर मीही केलं. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी २००४ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या सौद्यांचा अभ्यास छापला, तेव्हा चित्र जरा निराळं निघालं. लोकांचा ओढा फेव्हरिट संघाकडे असतो हे बुकींना ठाऊक असतं. ते भाव मुद्दाम थोडा त्या संघाच्या विरुद्ध कलता ठेवतात आणि पैसा एका बाजूला साचला तरी तो साचू देतात. घोड्यांच्या शर्यतीत उलटा कल दिसतो. तिथे लोकांना लांबच्या घोड्याची भूल पडते, एकाला पन्नासच्या भावात त्याच्या खऱ्या लायकीपेक्षा फार कमी मोबदला मिळतो. रिचर्ड ग्रिफिथ या मानसशास्त्रज्ञाने हे १९४९ मध्येच नोंदवलं होतं.

गिऱ्हाइकाला सगळ्यात महाग पडते ती साखळी. एका सामन्यावर पाच टक्के मार्जिन असेल तर चार सामन्यांच्या साखळीत ते गुणाकाराने साडेअठरा टक्क्यांवर जातं. नेवाडातल्या अनेक वर्षांच्या आकड्यांत एकूण बेटिंगमधून कंपन्यांकडे राहिलेला वाटा शेकडा पाचच्या आसपास होता. साखळी सौद्यांत तो तिसाच्या आसपास. ॲपवर सगळ्यात ठळक जागा कुठल्या सौद्याला असते, हे यावरून ओळखता येईल. ॲस्कटसारखा दिवस अपवादाने येतो. २०१६ मध्ये लेस्टर सिटीने एकाला पाच हजारच्या भावावर प्रीमियर लीग जिंकली आणि ब्रिटिश बुकींचे सुमारे अडीच कोटी पौंड गेले, तोही असाच अपवाद. असा एखादा विजेता कंपनीला जाहिरातीसाठी हवाच असतो.

आपल्याकडचा क्रिकेटचा सट्टा बेकायदा, त्यामुळे त्याची रीत निराळी. इथे भाव पैशांत बोलतात आणि फेव्हरिट संघाचाच बोलतात. ‘भारत ४५-४७’ म्हणजे भारतावर हजार ‘लगावले’ आणि भारत जिंकला तर साडेचारशे मिळतील. भारत हजाराला ‘खाल्ला’ आणि भारत हरला तर हजार मिळतील. जिंकला तर ४७० द्यावे लागतील. एकाने लगावलं, दुसऱ्याने खाल्लं, तर भारत जिंकल्यावर बुकीला वीस रुपये सुटतात आणि हरल्यावर काहीच नाही. शक्यतांची बेरीज केली तर ती १०१ च्याही आत भरते. लंडनच्या दुकानापेक्षा मुंबईतल्या खोलीतला भाव गिऱ्हाइकाला स्वस्त! कारण उघड आहे. कर नाही, दुकानाचं भाडं नाही, जाहिरात नाही. धंदा प्रचंड उलाढालीवर आणि उधारीवर चालतो. झेपेनासा झालेला बोजा बुकी वरच्या मोठ्या बुकीकडे ‘कटिंग’ करून उतरवतो. विल्टशरने तेवढंच केलं असतं तर तो वाचला असता.

खरी मलई सेशनमध्ये. सहा षटकांत किती धावा होतील यावर ४७-४८ असा भाव निघतो. ‘येस’वाल्याला ४८ किंवा जास्त हव्यात, ‘नो’वाल्याला ४७ च्या आत. बरोबर ४७ झाल्या की दोघेही हरतात आणि दोन्हीकडचे पैसे बुकीचे. एका सामन्यात अशी किती सेशनं निघतात ते पाहिलं की सामन्याच्या निकालावरचा भाव इतका बारीक ठेवणं त्याला का परवडतं ते कळतं.

सामना चालू असताना भाव दर चेंडूला हलतो, आणि तिथे काही सेकंदांना किंमत येते. टीव्हीवरचं चित्र मैदानापेक्षा मागे असतं. मार्च २०२१ मध्ये भारत-इंग्लंड एकदिवसीय सामने कोरोनामुळे प्रेक्षकांविना पुण्याजवळ गहुंज्याच्या स्टेडियममध्ये झाले, तेव्हा पिंपरी-चिंचवड पोलिसांनी ३३ जणांना पकडलं. त्यातले काही जवळच्या टेकडीवरून आणि उंच इमारतीतून दुर्बीण, कॅमेरे रोखून चेंडू बघत होते. टीव्हीवर येण्याआधी चौकार कळला की जुन्या भावात सौदा मारता येतो. कायदेशीर कंपन्या हाच धोका ओळखून चालू सामन्यात सौदा स्वीकारायला मुद्दाम काही सेकंद लावतात.

फिक्सिंगचा विषय निघाला की बुकी हा शब्द आपसूक येतो. पण फिक्स झालेल्या सामन्यात पैसे कुणाचे जातात? ज्यांना आतली खबर नाही अशा बाकीच्या बुकींचे, आणि अर्थात गिऱ्हाइकांचे. म्हणूनच वेडावाकडा हललेला भाव ही धोक्याची पहिली घंटा मानली जाते. ऑगस्ट २००७ मध्ये पोलंडमधल्या सोपोत इथे जागतिक क्रमवारीतल्या चौथ्या क्रमांकाच्या निकोलाय दाविदेंको या टेनिसपटूने पहिला सेट जिंकला, तरी पैसा त्याच्या कितीतरी खालच्या प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने वाहत राहिला. दाविदेंकोने दुखापतीमुळे सामना सोडला आणि बेटफेअर या बेटिंग कंपनीने त्या सामन्यावरचे सगळे सौदे रद्द केले. पुढे चौकशीत दाविदेंको निर्दोष ठरला.

बेटफेअर ही स्वतः भाव न देणारी, गिऱ्हाइकांनाच एकमेकांशी भिडवून जिंकणाऱ्याकडून कमिशन घेणारी कंपनी म्हणून २००० साली निघाली. अशा बाजाराला जिंकणाऱ्या गिऱ्हाइकाचं वावडं नाही. नेहमीच्या कंपन्यांना आहे. टोकियोत संशोधन करणाऱ्या लिसांद्रो कौनिट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये याचा पुरावाच मांडला. सगळ्या कंपन्यांच्या भावांची सरासरी हीच खरी शक्यता मानायची आणि एखाद्या कंपनीचा भाव सरासरीहून बराच उदार दिसला की लावायचं, एवढी साधी त्यांची पद्धत. जुन्या ४,७९,४४० सामन्यांवर ती फायद्याची ठरली. मग त्यांनी खरे पैसे लावले: २६५ सौदे, दर सौद्याला ५० डॉलर, नफा साडेनऊशे डॉलरच्या थोडा वर. इतक्यावरच कंपन्यांनी त्यांच्या खात्यांवर मर्यादा घालायला सुरुवात केली.

या धंद्याबद्दलचा माझा मुख्य आक्षेप इथे आहे. पूर्वीचा बुकी भाव सांभाळायचा. आजची कंपनी गिऱ्हाईक निवडते. कोण कुठल्या वेळी लावतो, साखळ्या लावतो की सुटे सौदे, भाव उतरण्याआधी लावतो की नंतर, यावरून प्रत्येक खात्याची पारख होते. चतुर गिऱ्हाइकाला शंभराऐवजी दोन रुपये लावायची मुभा मिळते, आणि हरणाऱ्याला बोनस, मोफत बेट, वाढदिवसाच्या शुभेच्छा. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या रेसिंग अधिकाऱ्यांनी २०१४ पासून बुकींना ठरावीक रकमेपर्यंतचा सौदा कुणाचाही असला तरी घेणं बंधनकारक केलं. असा नियम करावा लागला यातच सगळं आलं.

मुंबईत कायदेशीर बुकी पाहायचा तर महालक्ष्मीला जावं लागतं. हिवाळ्यात मुंबई आणि पावसाळ्यात पुणे असा शर्यतींचा हंगाम. १९१२ च्या कायद्याखाली इथे परवाना मिळतो. बुकींच्या शेजारीच टोटच्या खिडक्या असतात. टोटमध्ये भाव कुणी देत नाही. सगळ्यांचे पैसे एकत्र करून क्लबचा वाटा आणि कर वजा केला की उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या जोसेफ ओलेरने ही पद्धत काढली. टोटला बुडायची भीती नाही, आणि तुम्हाला शर्यत सुटेपर्यंत आपला भाव कळत नाही. बुकीकडे तो लावतानाच पक्का होतो. त्या खात्रीसाठीच लोक त्याच्याकडे जातात.

घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये लक्ष्मणन खटल्यात सांगितलं. तरी सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला आहे. दहा टक्क्यांच्या मार्जिनवर चालणाऱ्या धंद्यातल्या सौद्याच्या रकमेवरच एवढा कर बसला, तर गिऱ्हाईक परवानाधारक बुकीकडे कशाला थांबेल? शेजारच्या गल्लीत बिनकराचा भाव मिळत असताना? क्रिकेटच्या बाबतीत लोढा समितीने २०१६ मध्ये बेटिंग कायदेशीर करून त्यावर नियंत्रण ठेवावं असं सुचवलं. बंदी परिणामकारक ठरत नसेल तर नियमन करावं, असं विधी आयोगाने २०१८ च्या अहवालात म्हटलं. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये उलटी वाट धरली: पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड.

बंदीमागची कळकळ मला कळते. पण बेकायदा धंद्याची बांधणी बंदीला पुरून उरणारी आहे. महादेव या ऑनलाइन सट्ट्याच्या ॲपच्या तपासात ईडीने सांगितलं ते असं: मुख्य सूत्रधार दुबईत बसून गावोगावी ‘पॅनेल’ वाटायचे आणि नफ्याची विभागणी ७०-३० असायची. गिऱ्हाइकाच्या हातात पडते ती फक्त एक ‘आयडी’. त्यामागे कोण आहे, भाव कुणी काढला, जिंकल्यावर पैसे मिळतील की नंबरच बंद होईल, हे त्याला कळत नाही.

नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याचे पैसे अडकले तर दाद मागायची सोयही नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमाने पैजेचा करार रद्दबातल ठरतो आणि जिंकलेल्या रकमेसाठी दावा लावता येत नाही. जुन्या मुंबई इलाख्यात तर १८६५ च्या कायद्याने पैजेला पूरक म्हणून केलेले करारही तेव्हापासूनच रद्दबातल आहेत.